अलंगहून आणलेला जुना हॉट टब: काळी जमीन, बोअरचं पाणी आणि ४४० व्होल्टचं लचांड

केळीवाला, चोपडा तालुका

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, आमच्या गावाने हसून घेतलंच आहे.

दिवाळीआधी साडूच्या कामाला भावनगरला गेलो होतो. येताना अलंगचा बाजार बघू म्हटलं. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, तिथे किनाऱ्यावर जहाजं तोडतात आणि आतलं सामान रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वखारीच्या वखारी भरून विकायला ठेवतात. कपबश्या, पलंग, जिमची यंत्रं, काय वाटेल ते. मला गोडाउनसाठी दोन लोखंडी दरवाजे हवे होते. दरवाजे राहिले बाजूला, एका वखारीत पालथा घातलेला गोल टब दिसला. प्रवासी जहाजावरचा, पाच माणसं बसतील एवढा. आमच्या हिचे गुडघे तीन वर्षांपासून दुखतात. फिजिओथेरपीवाल्या ताई म्हणाल्या होत्या, कोमट पाण्यात बसून पाय हलवत जा. बादलीत पाय किती हलतात ते सगळ्यांना माहीत आहे. भाव करता करता ३८ हजारांत सौदा झाला. वर टेम्पोचे १६ हजार. कोंडाईबारी घाटात टेम्पोवाल्याने दोनदा गाडी थांबवून दोर आवळले आणि दोन्ही वेळा माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली.

अंगणात उतरवला तेव्हा शेजारच्या म्हातारीने विचारलं, "हाई काय शे भो?" गुरांचा हौद म्हणून सांगितलं. तिला पटलं.

आता टबाची हकीकत. बाहेरून फायबर, आतून आकाशी ॲक्रिलिक. रुंदी ७ फूट, खोली ३ फूट. ५०० लिटरच्या टाकीने भरून पाहिला, दोन टाक्या आणि वर थोडं, म्हणजे ११०० लिटर धरा. पायरीजवळ वीतभर लांब, केसाएवढा बारीक तडा आहे. खालचे पाइप जहाजावर करवतीने सरळ कापलेत. बरोबर पंप आणि हीटर दिलाय. पंपाच्या पाटीवर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. हीटरच्या पाटीवर ४४० व्होल्ट, ९ किलोवॅट, तीन फेज. वखारवाला म्हणाला, "चालू आहे, लावा आणि बसा." आता मला वाटतंय की त्याने स्वतः कधी लावलेला नाही.

घरी सिंगल फेज आहे, मंजूर भार ३ किलोवॅट. शेतात बोअरला तीन फेज आहे, म्हणून पोरगा म्हणतो टब शेतातच ठेवू. ही म्हणते गच्चीवर ठेवा, म्हणजे कोणी बघणार नाही. आणि पाणी आमचं बोअरचं. बंबाच्या आतल्या नळीला बोटभर पांढरा थर धरतो, तेव्हा या टबाचं काय होईल? शिवाय काढलेलं पाणी केळीला सोडलं तर चालेल का?

---

सातपुड्याचा वारा

दादा, अडावदजवळ उनपदेव आहे की. गोमुखातून गरम पाणी पडतं, ना हीटर ना बिल. वहिनींना मोटरसायकलवर बसवा आणि न्या. ५४ हजार वाचले असते.

---

केळीवाला, चोपडा तालुका

नेलंय भो, दोनदा नेलंय. गुडघे रोज दुखतात, उनपदेव रोज होत नाही. आणि मोटरसायकलवरून उतरताना जेवढं दुखतं तेवढंच तिथे बसून बरं होतं, हिशेब शून्यावर.

---

निवृत्त फोरमन, भुसावळ

दादा, मी लोको शेडमध्ये ३१ वर्षं मोटरी उघडल्या आणि बंद केल्या. तुमची पाटी वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक लोक पाटी वाचतच नाहीत.

पहिली गोष्ट, शेतीच्या मीटरचा विचार सोडा. ती जोडणी पाणी उपसायला दिलेली आहे, टबाला वापरली तर तपासणीत अडकाल. शिवाय शेतीची लाइन पाळीने येते. रात्रपाळीचा आठवडा आला की वहिनींनी रात्री दोनला टबात बसायचं का?

जहाजावरची वीज बहुधा ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. आपल्याकडे तीन फेजला ४१५ आणि ५० हर्ट्झ. तो पंप आपल्या लाइनवर फिरेल, पण वेग पाच-षष्ठांश होईल आणि पाण्याचा जोर तर एक-तृतीयांशाने पडेल. जेटमधून फवाऱ्याऐवजी गुळण्या आल्यासारखं पाणी येईल. आणि घरी तीन फेज नाहीच. तो पंप भंगारात घाला, तांब्याचे पैसे येतील. इथलाच १ एचपीचा सिंगल फेज पंप घ्या, पोहण्याच्या तलावाला लावतात तो, पुढे गाळणीची टोपली असलेला. बोअरचा किंवा मोनोब्लॉक लावू नका. केस आणि धागे आत गेले की त्याचं भांडण सुरू होतं.

हीटर मात्र फेकू नका. त्याला हर्ट्झशी काही देणंघेणं नाही. झाकण उघडलं की आत तीन एलिमेंट दिसतील. त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या सगळ्या पट्ट्या काढून एकेकाचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. ६४ ओहमच्या आसपास आला तर ते डेल्टात होते, म्हणजे एकेक एलिमेंट ४४० व्होल्टचा आहे. तिन्ही एलिमेंट आपल्या २३० व्होल्टवर समांतर जोडले की मिळून साधारण अडीच किलोवॅट उष्णता देतील, करंट ११ अँपिअरच्या आत. ९ किलोवॅटचा हीटर अडीचवर चालला म्हणजे एलिमेंट मंद तापतो, आणि मंद तापलेल्या एलिमेंटवर क्षारही कमी बसतो. तुमच्या पाण्याला हे फायद्याचंच. पण मोजून २१-२२ ओहम आला तर थांबा! ते स्टारमधले आहेत, म्हणजे एकेक एलिमेंट साधारण २५४ व्होल्टचाच आहे. तिन्ही समांतर लावले तर ३२ अँपिअर ओढतील आणि वायर वितळेल. तसं निघालं तर एकच एलिमेंट जोडा, अडीच किलोवॅट तोही देईल.

आता किती वेळ लागेल ते. ११०० लिटर पाणी एक अंश तापवायला सव्वा युनिटहून थोडं जास्त लागतं. थंडीत पाणी २२ वर असेल आणि ३८ हवं असेल तर २० युनिट, अडीच किलोवॅटने आठ तासांवर. म्हणजे रात्री लावा, सकाळी बसा. एकदा तापलं की झाकणावर सगळं अवलंबून आहे. उघडा टब म्हणजे उघड्या पातेल्यातलं दूध, निम्मी उष्णता वाफेवाटे जाते.

जीवाशी खेळ नको म्हणून पुढचं नीट वाचा. मंजूर भार ५ किलोवॅट करून घ्या. टबासाठी वेगळी लाइन, तांब्याची ४ चौरस मिलिमीटर वायर, २५ अँपिअरचा एमसीबी आणि त्याबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. एमसीबी वायर वाचवतो, माणूस आरसीसीबी वाचवतो, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. अर्थिंगचा खड्डा वेगळा करा, पंपाची आणि हीटरची बॉडी त्याला जोडा. मेन स्विच टबात बसलेल्या माणसाचा हात पोचणार नाही इतका लांब, पण नजरेसमोर. हीटर पंपाशिवाय चालू होता कामा नये, मध्ये फ्लो स्विच लावा, पाणी वाहत असेल तरच तो हीटर चालू देतो. थर्मोस्टॅट ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, आणि तो अडकला तर लाइन तोडणारा दुसरा कटआउट वेगळा. आमच्या शेजारी एकाने गिझरचा कटआउट "सारखा ट्रिप होतो" म्हणून काढून टाकला होता. टाकीच फुगली. नशीब, न्हाणीत कोणी नव्हतं.

---

बांधकामवाला, जळगाव

वहिनींना सांगा, गच्ची विसरा. वावरायच्या गच्चीचा स्लॅब दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने धरतात, राहत्या खोलीचा दोनशेच्या. तुमचं पाणी ११०० किलो, टब दोनशे धरा, पाच माणसं साडेतीनशे. साडेतीन चौरस मीटरवर १६५० किलो म्हणजे मीटरला ४७० किलो. तिप्पट! पावसाळ्यात गळणाऱ्या गच्चीवर तर बोलायलाच नको.

अंगणात ठेवा, पण थेट जमिनीवर नको. तुमच्याकडे तापीकाठची खोल काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून बसते. भेगेत हात जातो हे तुम्हाला मी काय सांगू. त्यावर नुसता कोबा केला तर वर्षभरात एका बाजूने कलेल, आणि पाण्याचा टब कलला की लगेच दिसतो, एकीकडचे जेट उघडे पडतात. नऊ बाय नऊ फूट जागा, दोन फूट काळी माती काढून टाका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसने कुटून भरा. वर जाळी टाकून पाच इंच काँक्रीट. टबाच्या बुडाखाली पोकळी राहू देऊ नका. ओल्या वाळू-सिमेंटचा थर पसरून टब त्यात दाबून बसवा, म्हणजे बूड सगळीकडे टेकेल. पायरीजवळचा तुमचा तडा बहुतेक असाच आला असेल, आधार नव्हता तिथे. तडा बाहेरून फायबर मॅट आणि रेझिन लावून भरा, आतून नुसता एमसील चोपडू नका. दोन महिन्यांत तो पापडासारखा सुटतो.

पाइपाचा घोळ आधी समजून घ्या, नाहीतर जळगावच्या दुकानात चार चकरा होतील. कापलेल्या टोकाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. ६३ मिलिमीटर आला तर आपला शेतीचा पीव्हीसी पाइप आणि फिटिंग बसेल. ६०.३ आला तर तो दोन इंची प्लंबिंगचा माप आहे, शेतीचा पाइप त्यावर ढिला होईल. सोल्युशन भरून ढिला पाइप घट्ट होत नाही, लोकांना वाटतं होतो. हीटरच्या पुढचे तीन-चार फूट सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा पाइप वापरा.

अजून एक, हे मी विनंती म्हणून सांगतो. टबातून पाणी ओढणाऱ्या तोंडांवरच्या जाळ्या आहेत का पाहा. जुन्या मालात त्या हरवलेल्या असतात. पंप चालू असताना उघड्या तोंडाशी केस किंवा हात अडकला तर ओढून निघत नाही. तोंडं दोन हवीत, एकमेकांपासून लांब, दोन्हींवर फुगीर जाळी. जाळी मिळाली नाही तर टब सुरूच करू नका.

---

लळिंगवाली

दादा, आम्ही धुळ्याजवळ शेतघरावर पाच वर्षं जुना टब चालवतोय, पाहुण्यांसाठी. बांधकाम आणि वीज यांनी सांगितलंच, मी पाण्याचं सांगते, कारण टब घेणारे पुरुष असतात आणि पाणी सांभाळणारं कोणी नसतं.

पहिल्यांदा भराल त्यात कोणी बसू नका. पाइपांच्या आत आधीच्या लोकांचा बुळबुळीत थर असतो, डोळ्याला दिसत नाही. टब भरा, जास्तीचं क्लोरीन टाका, पंप दोन तास फिरवा. आमच्या वेळी पाण्यावर करडा फेस आणि कागदाचे कपटे असावेत तसले तुकडे तरंगायला लागले. मी फोटो काढून ठेवलाय, जेवणाआधी दाखवत नाही. ते पाणी ओतून पुन्हा भरा, पुन्हा फिरवा. स्वच्छ येईपर्यंत.

आता बोअर. पाणी तपासायची पट्टी आणून कडकपणा, म्हणजे पाण्यातला चुना मोजा. टबाला १५० ते २५० पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) पुरे, आमच्या बोअरचा ६०० च्या वर निघाला. गरम पाण्यात चुना आधी बसतो तो हीटरवर. आम्ही पहिलं वर्ष तसंच ढकललं आणि एलिमेंट काढला तेव्हा तो चुन्याची कांडी झाला होता. आता पत्र्यावरचं पावसाचं पाणी दोन हजार लिटरच्या टाकीत धरून ठेवतो आणि तीन भाग पाऊस, एक भाग बोअर असं भरतो. नुसतं पावसाचंही नको, अगदीच मऊ पाणी धातू खातं. पाऊस साठवायला जागा नसेल तर सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला चुना काढणारं यंत्र लावा, पण मग ते पाणी केळीला अजिबात नको. त्यात सोडियम असतो आणि केळीला खारं पाणी सोसत नाही, पानांच्या कडा जळतात. आम्ही क्लोरीन बंद करून झाकण चार दिवस उन्हात उघडं ठेवतो आणि पाणी कडुनिंबांना सोडतो. त्यांनी अजून तक्रार केली नाही.

पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा. सगळी पुस्तकं सांगतात खाण्याचा सोडा टाका. आपल्याकडे टाकू नका! आपल्या बोअरला क्षारता मुळातच भरपूर, आणि जेट चालले की पीएच आणखी वर चढतो. आपल्याला उतरवायचा असतो, त्यासाठी सोडियम बायसल्फेटची पावडर मिळते, चमचा-चमचा टाकून पट्टी पाहायची. ॲसिड आणि क्लोरीन एका डब्यात, एका चमच्याने कधीही नाही, विषारी वायू होतो.

क्लोरीन ३ ते ५ पीपीएम. दाणेदार डायक्लोर घ्या. तुमच्या ११०० लिटरला ६ ग्रॅम टाकलं की साधारण ३ पीपीएम होतं. ब्लीचिंग पावडर स्वस्त म्हणून टाकाल तर त्यात पुन्हा कॅल्शियम, आधीच आपल्याला त्याचं अजीर्ण झालंय. आणि तरंगत्या गोळ्या टबात नकोत, पाणी आंबट करतात आणि ॲक्रिलिकवर पडून राहिल्या तर डाग पाडतात.

एका डिसेंबरात आम्ही लग्नाला गेलो आणि चार दिवस टबाकडे कोणी पाहिलं नाही. पाणी दिसायला आरशासारखं होतं, म्हणून आल्या आल्या भाच्यांना बसू दिलं. दुसऱ्या दिवशी दोघांच्या पोटावर आणि मांड्यांवर, चड्डीच्या आत जास्त, लाल पुरळ. डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न "कुठे पोहलात?" हा होता. कोमट पाण्यात क्लोरीन संपलं की जंतू केसांच्या मुळाशी शिरतात. आपोआप बरं झालं, पण वहिनीने वर्षभर ऐकवलं. तेव्हापासून बसायच्या आधी पट्टी, मग माणूस. अंगाला तेल लावून कोणी टबात उतरायचं नाही हा दुसरा नियम. आपल्याकडे दिवाळीत हा नियम पाळून घेणं किती अवघड, ते तुम्हीच बघा.

फिल्टर आठवड्याला पाइपाने धुवायचा, घड्यांच्या मधून, वरून खाली. तीन महिन्यांनी सगळं पाणी बदला, डायक्लोरमधलं एक द्रव्य साठत जातं आणि मग कितीही क्लोरीन टाका, काम करत नाही. पुन्हा भरताना पाइप फिल्टरच्या खड्ड्यात सोडा. थेट टबात भरलं तर पंपात हवा अडकते, नुसता घुमतो, पाणी ओढत नाही. अडकलीच तर पंपाजवळचा युनियन (पाइप जोडणारी आट्याची कडी) अर्धा आटा सैल करा, फुस्स होऊन पाणी ठिबकलं की आवळा.

वहिनींना रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून बसवा, ३८ अंश पुरे, पंधरा-वीस मिनिटं. उठताना हात धरा, चक्कर येते. झाकणाला कुलूप हवं, घरात लहान मूल असो नसो. गावातली पोरं येतातच.

---

केळीवाला, चोपडा तालुका

(सात आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, केळीची काटणी सुरू होती.

फोरमन साहेब, एलिमेंट ६५, ६४ आणि ६५ ओहम निघाले. मी तो मल्टिमीटर हातात धरून अंगणात एकटाच हसलो. समांतर जोडून घेतले, आमच्या वायरमनला आधी पटेना, मग तुमचा हिशेब दाखवला तर त्याने तो मोबाइलवर घेतला. पंप नवीन. जुना भंगारवाल्याने ४१०० ला नेला. आरसीसीबी पहिल्याच दिवशी ट्रिप झाला, पाहतो तर हीटरच्या झाकणाखालचं रबर कुजलेलं होतं, आत ओल. आरसीसीबी नसता तर ते मला कोणी सांगितलं असतं?

पाइप ६३ चा निघाला. शेतातले उरलेले तुकडेच कामाला आले. पाणी ओढायच्या एका तोंडावर जाळीच नव्हती. ती मिळेपर्यंत अकरा दिवस टब कोरडा ठेवला. पोरगा रागावला, पण बांधकामवाल्यांचं वाक्य मी त्याला वाचून दाखवलं.

झाकणाचं भारी जमलं. रावेरकडे एका ओळखीच्याचं केळी पिकवायचं चेंबर आहे, त्याच्याकडे पफचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचे दोन पॅनल उरले होते. अर्धगोल कापून बिजागरीने जोडले. तेच तुकडे टबाच्या भोवतीही लावले. रात्री दहाला ३८ वर बंद केलं तर सकाळी सहाला ३६ असतं, आणि बाहेर शेकोट्या पेटलेल्या असतात.

पावसाचं पाणी या वर्षी हातचं गेलं. म्हणून सध्या भाड्याचा सॉफ्टनर आणि थोडं बोअर. लळिंगवाल्या ताई, पहिल्या भरतीत तुमचे ते कपटे आमच्याकडेही आले. समुद्र ओलांडून आलेले असणार, काय काय पाहिलं असेल त्यांनी. पुढच्या पावसाळ्याआधी पत्र्याला पन्हळ लावतोय.

ही रोज सकाळी बसते, गाउन घालून, डोक्याला रुमाल बांधून. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत बाहेर आली, आता हाक मारावी लागते. जिना चढताना कठडा धरते अजून, पण मध्ये थांबत नाही. आमची माय मात्र रोज काठाशी उभी राहून पाहते आणि म्हणते, एवढ्या गरम पाण्यात सहा गोधड्या निघाल्या असत्या.

आता नवीन प्रश्न. पफच्या मागे उंदरांनी घर केलंय. काल पॅनलची कड कुरतडून पिवळा भुगा पाडला आणि आता हीटरच्या वायरीच्या दिशेने बोगदा चाललाय. विषाच्या गोळ्या टाकता येत नाहीत, कुत्रं आहे. वायर लोखंडी पाइपात घातली तर पुरे, की बारीक जाळी मारू चहूबाजूंनी? कोणाचा अनुभव असेल तर आज-उद्याच सांगा, ते थांबणार नाहीत.